रिंकू सिंगचं कोपर

रिंकू सिंग म्हटलं की आता सगळ्यांना केकेआरचा सिक्स मारणारा आठवतो. मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो वेगळा, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा, डावखुरा, मुळात भालाफेक करणारा. २००८ ला भारतात बेसबॉलसाठी ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा झाली, बॉल किती जोरात आणि किती नेमका फेकता येतो एवढंच बघायचं होतं, त्यात याने ताशी ८७ मैल म्हणजे १४० किलोमीटरच्या वेगाने बॉल टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन बेसबॉल टीमने त्याला आणि त्याच स्पर्धेतल्या दिनेश पटेलला करारबद्ध केलं आणि जुलै २००९ मध्ये हे दोघं अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉल खेळणारे पहिले भारतीय ठरले.

पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉल टाकणारा, आणि रिंकू झाला रिलीफ पिचर. म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर दमला किंवा मार खायला लागला की मधेच आणतात तो. बाजूला बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या तयारीच्या जागेत, बसून राहायचं, बोलावणं आलं की पटापट हात गरम करायचा आणि एक-दोन इनिंग (बेसबॉलच्या मॅचमध्ये अशा नऊ असतात) जीव तोडून टाकायचं, परत दोन-तीन दिवसांनी तेच. आणि हे सगळं मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या टीमच्या खालच्या पायऱ्यांवर, रूकी, ए, डबल ए, ट्रिपल ए अशी चढण. पैसा अगदी कमी. २०२३ ला खेळाडूंच्या पगाराचा करार होईपर्यंत तळातल्या रूकी पातळीवर वर्षाला जेमतेम ४,८०० डॉलर मिळायचे, त्या कराराने ते १९,८०० झाले. या पोरांकडे विकायला एकच गोष्ट असते, हात, म्हणून त्या हाताच्या आत काय चालतं ते समजून घ्यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कोपराच्या आतल्या बाजूला, शरीराकडच्या, एक हाडाचा उंचवटा बोटाने चाचपून बघा. तिथून खाली हाताच्या हाडाकडे एक छोटा लिगामेंट जातो, दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा. पिचर बॉल फेकतो तेव्हा जोर हातातून येत नाही, तो पायातून सुरू होतो, कंबर फिरते, मग छाती फिरते, आणि हात मात्र मागेच राहतो, इतका मागे की पंजा पाठीमागे आडवा झालेला दिसतो. आणि मग खांदा आतल्या दिशेने फिरतो, सेकंदाला ७,००० अंशांच्या आसपास. घरातला पंखा फुल्लवर सेकंदाला पाच-सहा गिरक्या घेतो, हा वेग जवळपास वीस गिरक्यांचा होतो, फक्त हात पूर्ण गिरकी घेत नाही, क्षणभरात थांबतो. माणसाच्या शरीराची याहून वेगवान हालचाल सापडणं अवघड आहे.

हात मागे ताणलेला असतो त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं. तो पीळ मोजलाय, साधारण ६४ न्यूटन-मीटर, म्हणजे कोपर टेकवून हात आडवा धरला आणि पंज्यात वीस-बावीस किलोचं वजन लटकवलं तर जसं होईल तसं. आणि प्रयोगशाळेत मृत शरीराचा हाच लिगामेंट ताणून बघितला तर तो याच्या निम्म्यातच तुटतो! मग दर बॉलला का तुटत नाही? कारण वरचे स्नायू, मनगट आणि बोटं वळवणारे, आवळून अर्धा भार उचलतात. अडचण इथेच आहे. स्नायू दमतात. दमले की भार पट्ट्यावर सरकतो. शिवाय जिममध्ये स्नायू वाढवता येतो, त्याने वेग वाढतो, पण लिगामेंटमध्ये रक्तपुरवठा कमी, तो त्याच चालीने मजबूत होत नाही, म्हणजे इंजिन मोठं झालं आणि दोरी तीच राहिली.

हे दुखणं बेसबॉलवाल्यांचं म्हणून ओळखलं जातं पण याची पहिली नोंद १९४६ ची आहे आणि ती भालाफेक करणाऱ्यांमधली. म्हणजे रिंकूचं कोपर एका खेळातून दुसऱ्यात गेलं, दोन्ही खेळ त्याच जागेवर ओढणारे. आपल्या क्रिकेटमध्ये हा पीळ असा पडत नाही, कारण बोलरला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, हात जवळजवळ ताठच येतो. आपल्या फास्ट बोलरची पाठ जाते, पिचरचं कोपर.

आता एक करून बघा. अंगठा आणि करंगळी टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते, काहींना ती नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही. २५ सप्टेंबर १९७४ ला डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या उजव्या मनगटातली हीच दोरी काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यातून ती ओवून नवा लिगामेंट बनवला. परत खेळण्याची शक्यता शंभरात एक असं त्यांनी सांगितलं होतं. जॉन १९७६ ला परतला, १९८९ पर्यंत खेळला, त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. मला हा विसाव्या शतकातला फार सुंदर सर्जिकल विचार वाटतो, शरीराला नको असलेली दोरी हव्या त्या जागी.

पण ती दोरी लगेच लिगामेंट होत नाही. सुरुवातीला ती जवळजवळ मेलेली असते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, पेशी येतात, धागे नव्याने लागतात, आणि हे घाईने होत नाही. चार-पाच महिन्यांनी थोड्या अंतरावरून हलके थ्रो, मग अंतर वाढवायचं, मॅचला वर्ष-सव्वा वर्ष, कधी जास्त.

रिंकूचं २०१२ चं सीझन बघा, पायरेट्सच्या ए पातळीवरच्या वेस्ट व्हर्जिनिया पॉवर टीमकडून ३९ मॅच, ७२ इनिंग, ६५ स्ट्राइकआउट (बॅटरला बॉल मारूच न देता आउट करणं), दर नऊ इनिंगला फक्त ३ रन. चार वर्षांपूर्वी हा खेळ माहीत नसलेला मुलगा! त्यानंतर हात दुखावला, २०१३ गेलं, हेच ऑपरेशन झालं, आता त्याला टॉमी जॉन ऑपरेशनच म्हणतात, पुढची सीझन पण गेली. स्वतः टॉमी जॉन त्याच्या ऑपरेशनच्या वेळी मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, नाव कमावलेला होता, टीम त्याची वाट बघणार होती. रिंकू अजून ए पातळीवर होता आणि पंचविशी ओलांडलेली, तिथे दरवर्षी अठरा-एकोणीसची नवी पोरं येतात. ७२ इनिंगच्या त्या सीझननंतर तो मायनर लीगच्या एकाही मॅचमध्ये उतरला नाही, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्तीचे शो करणाऱ्या अमेरिकन कंपनीशी करार केला.