घरातला वेळ, आणि त्यातला कुटुंबाचा किती

कोविडच्या महासाथीमुळे लोक घरात जास्त राहू लागले, ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकेतील वेळ-वापराच्या पाहणीनुसार २००३ ते २०२२ या काळात प्रौढांचा घरातला वेळ दिवसाला सरासरी १ तास ३९ मिनिटांनी वाढला. २०२०मध्ये मोठी उडी दिसते, पण चढ आधीपासूनचाच. खरेदी, करमणूक, बँकेची कामे एकेक करत घरात आली होती. ऑफिस त्यांच्यामागून आले.

गिरण्यांपूर्वी विणकराचा माग राहत्या घरातच असे आणि बायका-मुलेही त्यात राबत. औद्योगिक क्रांतीने काम घराबाहेर नेले. १९७०च्या दशकात तेलटंचाईच्या काळात घरून काम करण्याची कल्पना पुढे आली आणि बराच काळ कल्पनाच राहिली.

अभ्यासकांचा खरा वाद मात्र मोजण्यावरून आहे. कुटुंबातले सगळे घरात आहेत, म्हणून तो वेळ एकत्र घालवला असे म्हणायचे का? ब्रिटनमध्ये ८ ते १६ वर्षांच्या मुलांच्या वेळेच्या रोजनिश्या, म्हणजे दिवसभर केव्हा काय केले, कुठे आणि कोणासोबत याच्या नोंदी, तपासल्या गेल्या. २००० ते २०१५ दरम्यान मुले आणि पालक एकाच वेळी घरात असण्याचा काळ दिवसाला ३४७ मिनिटांवरून ३७९वर गेला. पण पालक घरात असूनही मुलाने ‘मी एकटा’ अशी नोंद केलेला वेळ ९५वरून १३६ मिनिटांवर गेला. वाढ ३२ मिनिटांची आणि एकटेपणाची भर ४१ मिनिटांची. म्हणजे प्रत्यक्ष सोबत थोडी घटलीच. यावर मोबाइलच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीने दार लावून घेतले, म्हणजे घरात दुरावा आला असे थोडेच आहे? आईबाबा पलीकडच्या खोलीत आहेत, एवढा आधार अनेकदा पुरतो. रोजनिशीत त्याला रकाना नाही.

उलट बाजूची गफलत जास्त गंभीर, आणि तिच्याकडे लक्ष कमी गेले आहे. रोजनिशीत ‘मुख्य काम’ एकच धरतात. मांडीवर मूल घेऊन मीटिंगला बसलेल्या बाईची नोंद ‘नोकरी’ अशी होते. मूल सांभाळणे ‘दुय्यम’ रकान्यात जाते, आणि बऱ्याच आकडेवारीत तो रकाना धरलाच जात नाही. २०२०मध्ये शाळा बंद झाल्यावर अनेक देशांत वडिलांचा मुलांसोबतचा वेळ वाढला. त्याचे कौतुकही झाले. आयांचा वेळ आधीच जास्त होता, तोही वाढला.

त्याच वर्षी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्याचे अनेक देशांनी नोंदवले. जन्मदर वाढेल हा अंदाज बऱ्याच ठिकाणी साफ चुकला; वर्षअखेरीस जन्म उलट घटले.

पुढे घरून काम करणाऱ्यांचा प्रवासाचा वेळ २७ देशांत मोजला गेला. दिवसाला सरासरी ७२ मिनिटे वाचत होती. त्यातली ४० टक्के पुन्हा नोकरीच्याच कामात गेली. माणसांच्या देखभालीला मिळाली ११ टक्के, म्हणजे जेमतेम आठ मिनिटे. मुले असलेल्यांच्या घरी थोडी जास्त.