काल्पनिक लढती (हेवीवेट मुष्टियुद्ध)

वेगवेगळ्या काळांतले हेवीवेट जगज्जेते ऐन भरात असताना एकमेकांसमोर उभे राहिले असते तर कोण जिंकले असते, याचे अंदाज बांधण्याचा मुष्टियुद्ध-रसिकांचा जुना छंद. जो लुईस विरुद्ध मुहम्मद अली, जॅक डेम्प्सी विरुद्ध माइक टायसन, रॉकी मार्सियानो विरुद्ध जवळजवळ कोणीही, अशा जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावल्या जातात. आत्याबाईला मिशा असत्या तर, या चालीवरचा हा वाद. पण तो केवळ रिकामटेकड्यांचा नाही. ‘द रिंग’ या १९२२ साली सुरू झालेल्या मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर यांच्यासारखा जाणकारही सार्वकालिक क्रमवारी लावत असे आणि तिच्यात जॅक जॉन्सनला पहिला क्रमांक देत असे.

हा वाद हेवीवेट गटातच सर्वांत पेटतो, याला कारण आहे. बाकीच्या वजनगटांना वरची मर्यादा असते. १९४०चा वेल्टरवेट आणि आजचा वेल्टरवेट दोघेही ६६.७ किलोंच्या आतच. हेवीवेटला मात्र कमाल मर्यादाच नाही, त्यामुळे पिढ्या बदलल्या तसे या गटातले देहही बदलले. मार्सियानो साधारण ८५ किलोंचा होता. आजच्या हिशेबाने तो हेवीवेट ठरतच नाही, ९०.७ किलोंची मर्यादा असलेल्या क्रूझरवेट गटातही तो पाचेक किलोंनी हलका भरेल. २०२० मध्ये जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने (डब्ल्यूबीसी) क्रूझरवेट आणि हेवीवेट यांच्यामध्ये ब्रिजरवेट हा आणखी एक गट काढला, त्याची मर्यादा १०१.६ किलो. आफ्रिकेतल्या किन्शासात १९७४ मध्ये जॉर्ज फोरमनला हरवणारा ९८ किलोंचा अली या नव्या गटात बसला असता. दुसऱ्या टोकाला ६ फूट ९ इंच उंचीचा ब्रिटनचा टायसन फ्युरी आहे.

म्हणून मोठाच जिंकणार, असे मात्र नाही. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे ८५ किलोंच्या डेम्प्सीने १११ किलोंच्या जेस विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा खाली पाडले. तिसऱ्या राउंडनंतर विलार्ड उठलाच नाही. डेम्प्सीचे चाहते हा दाखला हुकमी पत्त्यासारखा टाकतात. विलार्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि तीन वर्षे किताबासाठी लढला नव्हता, हे सांगायचे विसरतात. त्याहून भक्कम उदाहरण अलीकडचे आहे. मे २०२४ मध्ये रियाध येथे युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला हरवले, तेव्हा दोघांत सुमारे १७ किलोंचा फरक होता. डिसेंबरातल्या परतीच्या लढतीत फ्युरी आणखी जड होऊन आला आणि पुन्हा हरला.

वजनाहून अवघड प्रश्न नियमांचा. लढत कोणाच्या काळातल्या नियमांनी लावायची? विलार्डने १९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सनला २६व्या राउंडमध्ये पाडून किताब घेतला, त्या लढतीचा करार ४५ राउंडांचा होता. पुढे १५ राउंडांची प्रथा रुळली. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा लाइटवेट किम दुक-कू लढतीतील दुखापतीने मरण पावला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत किताबी लढती १२ राउंडांवर आल्या. शिवाय विलार्ड पडे तेव्हा डेम्प्सी त्याच्या डोक्याशीच उभा राही आणि तो उठू लागताच पुन्हा ठोसा हाणी. त्या काळी हे चालून जाई. पुढे प्रतिस्पर्धी पडला की तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या, कोपऱ्यात जाण्याचा नियम आला आणि तो नेमका डेम्प्सीच्याच मुळावर आला. सप्टेंबर १९२७ मध्ये शिकागोत त्याने जीन टनीला सातव्या राउंडमध्ये पाडले, पण सवयीने तो जवळच घुटमळला. पडलेला दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही तर हरतो, पण पंचाने डेम्प्सी कोपऱ्यात जाईपर्यंत मोजणीच सुरू केली नाही. टनीला दहाहून अधिक सेकंद मिळाले, तो उठला आणि गुणांवर जिंकला. तेव्हा डेम्प्सी विरुद्ध टायसन असे म्हणताना नियम डेम्प्सीच्या १९१९चे की टायसनच्या १९८८चे, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक भांडणे या एका मुद्द्यावर मिटतील. कदाचित म्हणूनच तो कोणी काढत नाही.

पुराव्याचीही पंचाईत आहे. मूकपटाच्या काळातल्या लढती हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या. त्या चुकीच्या वेगाने दाखवल्या की चांगले कसलेले मल्लही कळसूत्री बाहुल्यांसारखे तुडतुडतात आणि पाहणारा म्हणतो, हे कसले बॉक्सिंग!

त्यातून, ‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवील, हे गणित रिंगमध्ये चालत नाही. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवले. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टन येथे फोरमनने त्याच फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा पाडले. मग फोरमन अलीचा चेंदामेंदा करणार, असाच बहुतेकांचा होरा होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात आठव्या राउंडमध्ये अलीने फोरमनला झोपवले. वाकून, पुढे घुसून डावा हूक मारणारा फ्रेझर अलीला जड जाई, आणि फोरमनच्या उसळत्या ठोशांसमोर तोच फ्रेझर आयता सापडे. समकालीन तिघांचे हे त्रांगडे, तर साठ वर्षांच्या अंतराने कोण काय सांगणार?

ते सांगण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न मायामीचे रेडिओ-निर्माते मरी वोरोनर यांनी केला. १९६७ मध्ये त्यांनी १६ हेवीवेट जगज्जेत्यांची स्पर्धा एनसीआर ३१५ या संगणकावर ‘खेळवली’ आणि प्रत्येक लढत रेडिओवरून धावत्या वर्णनासह ऐकवली. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्प्सीला हरवले. संगणकाला खाद्य पुरवले होते ते मुष्टियुद्धाच्या जाणकारांनी आणि लेखकांनी दिलेल्या मतांचे. आडात तीच मते होती आणि पोहऱ्यातही तीच आली. फक्त ती आता यंत्राच्या तोंडून आल्याने लोकांना वजनदार वाटली.

उपांत्यपूर्व फेरीत अली विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा जगज्जेता जिम जेफ्रीज याच्याकडून हरला. सैन्यभरतीला नकार दिल्याबद्दल अलीचा किताब त्याच वर्षी काढून घेतला गेला होता आणि रिंगचे दरवाजे त्याला बंद होते. लढता येत नाही, आणि वर न लढलेल्या लढतीतला पराभव माथी! त्याने बदनामीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोडीतून १९६९ मध्ये एक अजब चित्रपट तयार झाला. ४५ वर्षांचा मार्सियानो सुमारे २० किलो वजन उतरवून, टकलावर टोप चढवून मायामीच्या एका स्टुडिओत २७ वर्षांच्या अलीसमोर उभा राहिला. एकेका मिनिटाचे सत्तरेक राउंड चित्रित झाले, तेही कोण जिंकणार हे दोघांनाही न सांगता. शेवट अनेक प्रकारांनी टिपले होते; निकाल संगणकाचा असणार होता.

चित्रपट पाहणे मार्सियानोच्या नशिबी नव्हते. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवात विमान अपघातात तो गेला. २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो १३व्या राउंडमध्ये अलीला नॉकआउट करताना दिसला. युरोपात दाखवलेल्या एका आवृत्तीत मात्र अली जिंकतो. हा संगणक अलाबामात बनला असावा, असा टोला अलीने मारल्याचे सांगतात. वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या राज्याचे नाव श्रोत्यांना पुरेसे होते.

दोन पिढ्या खरोखर भिडल्या असे प्रसंगही आहेत, पण त्यांत एकाची उमेद सरलेली असते. अपराजित निवृत्त झालेल्या जेफ्रीजला जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेत्याचा गर्व उतरवण्यासाठी गोऱ्या अमेरिकेने शेतावरून ओढून आणले. त्याने सुमारे ४५ किलो वजन घटवले आणि ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे १५व्या राउंडमध्ये तो हरला. ऐन तारुण्यातही आपल्याला जॉन्सन झेपला नसता, अशी कबुली त्याने नंतर दिली. खुद्द हरलेल्याकडून या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर क्वचितच आले असेल. १९५१ मध्ये मार्सियानोने ३७ वर्षांच्या लुईसला आठव्या राउंडमध्ये दोरांबाहेर पाडले आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये तो रडला; लुईस त्याचा आदर्श होता. लॅरी होम्सने १९८० मध्ये थकलेल्या अलीला हरवले, टायसनने १९८८ मध्ये होम्सला.

उलटे क्वचितच घडले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास व्हेगासमध्ये ४५ वर्षांचा फोरमन २६ वर्षांच्या मायकेल मूररसमोर उतरला. नऊ राउंड संपले तेव्हा तिन्ही गुणपत्रकांवर तो मागे होता. दहाव्या राउंडमध्ये त्याचा एक आखूड उजवा ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर कोसळला. फोरमनच्या अंगावर त्या रात्री तीच लाल चड्डी होती, जी वीस वर्षांपूर्वी किन्शासात अलीसमोर त्याने घातली होती.