मुदत संपलेल्या प्रीपेड कार्डावरचे पैसे बुडतात का?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, दिवाळीला भेट मिळालेले किंवा दूध-भाजीसाठी वेगळे ठेवलेले प्रीपेड कार्ड घाईघाईने संपवले जाते. कारण मुदत उलटली की उरलेली रक्कम कंपनीच्या घशात जाते, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. आमच्या आत्यांनी तर शेवटचे १३७ रुपये वाचवण्यासाठी गरज नसताना साबणाच्या वड्या आणल्या, आणि त्या अजून फडताळात पडून आहेत.

हा समज चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या निर्देशांनुसार अशा कार्डाची मुदत शेवटच्या भरण्यापासून किमान १ वर्ष असावी लागते, ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत धारकाला संदेश पाठवून सावध करावे लागते, आणि मुदत संपल्यावरही निदान ३ वर्षे ती शिल्लक कार्ड काढणाऱ्या बँकेतर कंपनीला आपल्या नफ्यात जमा करता येत नाही. धारकाने मागणी केल्यास ती त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते.

अपवाद आहे, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच असावे. एखाद्या दुकानाने केवळ आपल्याच मालासाठी काढलेले कार्ड या निर्देशांखाली येत नाही. तेथे कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या दुकानाच्या अटी लागू होतात. आत्यांचे कार्ड मात्र कोणत्याही दुकानात चालणारे होते.