बटाट्याचे सोने आणि पंधरा लाख

सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात सोन्याचा भाव चढला की कोणीतरी मोबाइल पुढे करतोच: एका बाजूने बटाटा घातला की दुसऱ्या बाजूने सोने निघेल असे यंत्र बसवीन, असे राहुल गांधी म्हणाले, अशी ती काही सेकंदांची चित्रफीत. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१७ मध्ये गुजरातमधील पाटणच्या त्या भाषणात, हे शब्द माझे नसून नरेंद्र मोदींचे आहेत, असे त्यांनी लगेच सांगितले होते. नेमके तेवढेच कापून चित्रफीत फिरवली गेली. मोदी असे बोलल्याची नोंद मात्र सापडत नाही, तेव्हा आक्षेप घ्यायचाच तर तो इथे घ्यावा.

हीच कात्री दुसऱ्या बाजूलाही चालते. ‘प्रत्येकाच्या खात्यात १५ लाख जमा करीन’ हे वाक्य चोपड्यापासून शिरपूरपर्यंत मोदींच्या नावावर खपते. नोव्हेंबर २०१३ मध्ये छत्तीसगडमधील कांकेरच्या सभेत ते म्हणाले होते की, परदेशातील काळा पैसा परत आणला तर एकेका गरिबाला १५-२० लाख सहज मिळतील. ही अतिशयोक्ती होती, तिचा जाब विचारणे रास्तच; पण खात्यात रक्कम जमा करण्याचे वचन त्यात नव्हते. तरीही पहिल्या चित्रफितीतील काटछाटीवर चिडणारे दुसरे वाक्य बिनदिक्कत पुढे ढकलतात, आणि दुसऱ्यावर चिडणारे पहिले.