घरचा साबण आणि अंगोरा ससे : घेण्याआधी, करण्याआधी वाचा

आमच्याकडून साबण घेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक देतो. साबणाभोवती लोकर बसवलेली एक वडीही आम्ही करतो आणि तिच्या लोकरीसाठी अंगोरा जातीचे ससे पाळतो. म्हणून दुकानात दोन प्रश्न सारखे येतात. पहिला, "अक्का, ह्यात कॉस्टिक घालतायसा म्हणे?" दुसरा, "सशाची एक जोडी द्या की, आम्हीबी पाळतो." पहिल्याचं उत्तर हो असं आहे. दुसऱ्याचं नाही. गिऱ्हाइकांची गर्दी असताना दोन्हींची कारणं नीट सांगता येत नाहीत, म्हणून इथे लिहिली आहेत.

कॉस्टिक घालतो, पण वडीत उरत नाही

तेल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा नव्हे) यांचा संयोग झाल्याशिवाय साबण होतच नाही. आमचाही नाही आणि टीव्हीवर जाहिरात येणाऱ्या कंपनीचाही नाही. सोडा पाण्यात विरघळवून तेलात घातला की दोन्हींचं रूप बदलतं आणि त्यातून साबण व ग्लिसरीन तयार होतं. माप बरोबर असेल तर सगळा सोडा तेलाशी जुळून संपतो. आम्ही हिशोबापेक्षा साधारण ५ टक्के सोडा मुद्दाम कमी घालतो. त्यामुळे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंग कोरडं पडत नाही.

मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुतेक वेळा वेगळं काढून विकतात. आमच्या वडीत ते तसंच राहतं. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जून-जुलैत वडीवर घामासारखे थेंब दिसतात. खानापूरच्या पावसाळी भागातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या गिऱ्हाइकांकडून ही तक्रार दरवर्षी येते. साबण बिघडलेला नसतो. फडक्यानं पुसा आणि भोकं असलेल्या साबणदाणीत उभा ठेवा. पाण्यात बसलेली वडी मात्र आठवड्यात चिखल होते, त्याला आमचा इलाज नाही.

"बिनकेमिकलचा साबण" असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, हसून सोडून द्या.

घरी करायचा असेल तर

शहरातल्या बऱ्याच वर्गांत तयार साबणाची लादी वितळवून, रंग-सुगंध घालून साच्यात ओतायला शिकवतात. मुलांना सुट्टीत करायला ते छान आहे, पण त्याला साबण करणं म्हणता येत नाही. कोणीतरी आधी केलेला साबण आपण नव्या साच्यात घालतो, इतकंच. खरा साबण तेलापासून करायचा तर आधी वजनकाटा घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. वाटी-चमच्याच्या मापानं साबण करू नका.

प्रत्येक तेलाला सोडा वेगळा लागतो. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम, शेंगदाणा तेलाला १३.६, कोकमाच्या तेलाला १३.५ आणि एरंडेलाला १२.८. म्हणून घरात संपलेल्या तेलाऐवजी दुसरं तेल घातलं तर सोड्याचा हिशोब पहिल्यापासून करावा लागतो. आमच्या वर्गात एक किलो तेलासाठी हे माप देतो : खोबरेल ३५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ४००, कोकमाचं तेल १५०, एरंडेल १००. त्याला सोडा १४३ ग्रॅम आणि पाणी २८६ ग्रॅम. यात ५ टक्क्यांची सूट धरलेली आहे.

खोबरेलानं फेस भरपूर येतो आणि वडी कडक होते, पण ते जास्त झालं तर अंग खरखरीत पडतं. एरंडेलानं फेस टिकतो. कोकमाचं तेल म्हणजे टाचांच्या भेगांना लावतात ते, घाटाखालून आणि खानापूरच्या पश्चिम भागातून येणारं. ते महाग आहे, तरी आम्ही सोडत नाही. त्यानं वडीला येणारा घट्टपणा पामतेलानंही येतो हे खरं, पण हाताला लागणारा मऊपणा येत नाही. करंजेलाचा साबण कपड्यांना आणि जनावरांना ठीक आहे. अंगाला लावून लग्नाला जाऊ नका.

आता सोड्याबद्दल. हा भाग दोनदा वाचा.

सोडा नेहमी पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. उलटं केलं की मिश्रण उसळून तोंडावर येतं. सोडा विरघळताना पाणी चूल न पेटवताच ८० अंशांच्या वर जातं आणि त्यातून निघणारी वाफ घशाला झोंबते. म्हणून हे काम परसात किंवा उघड्या खिडकीशी करा. डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, हातात रबरी मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. जर्मनची म्हणतात ती पातेलीही अ‍ॅल्युमिनियमचीच असतात, हे लक्षात ठेवा. अंगावर शिंतोडा उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका. नळाखाली धरून किमान पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडत राहा. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखान्यात न्या. सोडा दिसायला साखरेसारखा असतो, म्हणून डबा स्वयंपाकघरात ठेवूच नका. लहान मुलं आणि मांजरं त्या वेळी दाराबाहेर असू द्या.

तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट, ४० अंशांच्या आसपास आलं की एकत्र करून घुसळायचं. मिश्रण पातळ पिठल्यासारखं झालं, वरून थेंब सोडल्यावर त्याची रेघ क्षणभर टिकू लागली की साच्यात ओता. हाताने ढवळलं तर वेळ लागतो, ब्लेंडर असेल तर काही मिनिटांत होतं. दुसऱ्या दिवशी वडी निघते, पण तिला वापरायची घाई करू नका. चार ते सहा आठवडे हवेशीर फळीवर सुकू द्या. पावसाळ्यात आम्ही सहाच धरतो. वरती पांढरी भुकटी दिसली तर तो हवेशी लागून झालेला सोड्याचा क्षार असतो, चाकूनं खरवडला की जातो. केशरी ठिपके आणि खवट वास आला तर मात्र तेल जुनं होतं. ती वडी कपड्यांना वापरा.

वापरताना

बेळगावात नळाला राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणाचं पाणी येतं त्यांना फेसाची अडचण सहसा येत नाही. बोअरवेलचं पाणी जड असलं तर त्यातले क्षार साबणाला धरून बसतात. फेस कमी येतो आणि बादलीला पांढरी साय धरते. तो पाण्याचा गुण आहे, हाताने केलेल्या कुठल्याही साबणाचं तसंच होणार.

केसांना आमची वडी लावू नका. साबण स्वभावतः अल्कधर्मी असतो, त्याने केस राठ होतात. शिकेकाई आणि रिठा घरात असताना ती गरजही नाही. तान्ह्या बाळाला कोणताही नवा साबण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कडुलिंबाची वडी नायटा घालवत नाही. ती अंग स्वच्छ करते. नायट्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आम्ही कुठल्याही वेष्टनावर गोरेपणाचं किंवा रोग बरा होण्याचं वचन छापत नाही, याचा आम्हाला थोडा अभिमानही आहे.

घरी केलेला साबण शेजारणीला भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचा म्हटला की अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो आणि २०२० च्या नियमांप्रमाणे राज्याच्या औषध नियंत्रण विभागाचा उत्पादन परवाना लागतो. बचत गटाच्या बायका विचारतात म्हणून सांगितलं. आधी परवान्याचा खर्च काढा, मग साच्यांचा.

सशाची जोडी आम्ही का देत नाही

आमच्याकडे अंगोरा ससे आहेत, हे खरं. जुन्या कौलारू घराच्या मधल्या अंधाऱ्या खोलीत ते राहतात. गिऱ्हाइकं बघून जातात आणि मोबाइलवर पाहिलेला हिशोब ऐकवतात : एक मादी, महिन्याला पिल्लं, किलोला इतकी लोकर. त्या हिशोबात हवामान धरलेलं नसतं.

अंगोराचं नाव तुर्कस्तानातल्या अंकारावरून आलं. तो थंडीचा प्राणी आहे. आपल्या देशात त्याची लोकर घेतली जाते ती हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम अशा डोंगरी भागांत. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं यावरचं केंद्रही कुल्लूजवळ गडसा इथे आहे. सशाला घाम येत नाही, तो कानांतून आणि श्वासातून उष्णता टाकतो. अंगावर बोटभर लोकर असलेला ससा २५ अंशांच्या पुढे अस्वस्थ होतो आणि ३० च्या पुढे त्याचा जीव धोक्यात येऊ लागतो. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी वारा असतो, तरी एप्रिलमध्ये पारा ३५ च्या पुढे जातोच. अथणी, रायबागची तर गोष्टच नको. पत्र्याच्या शेडमध्ये अंगोरा ठेवणं म्हणजे उन्हाळ्यात त्याला मारणं. खानापूरकडे ऊन सौम्य असतं, पण तिथे पावसाळाभर ओल असते आणि ओल्या लोकरीत बुरशी व कीड होते.

लोकरीचंही गणित ऐका. चांगल्या जातीचा जर्मन अंगोरा, थंड हवेत, चांगल्या खाद्यावर वर्षाला पाऊण किलो ते एक किलो लोकर देतो. कातरणी साधारण अडीच-तीन महिन्यांनी करावी लागते. उष्ण भागात लोकर घटते आणि खाद्याचा खर्च तोच राहतो. गिऱ्हाईक शोधायचं काम वेगळंच. बाजारात "अंगोरा" म्हणून विकली जाणारी बरीच पिल्लं नुसती लांब केसांची संकरित असतात. "पिल्लं घ्या, लोकर आम्ही परत विकत घेतो" असा करार कोणी पुढे केला तर त्यावर सही करण्याआधी विचारा की आतापर्यंत कोणाची लोकर घेतली, आणि त्या माणसाला भेटून या. आम्ही पिल्लं विकत नाही आणि लोकर परत घेण्याचं वचनही देत नाही.

तरीही हौस असेल, घरात थंड खोली असेल आणि रोज अर्धा तास द्यायची तयारी असेल, तर एक-दोन ससे पाळायला हरकत नाही. त्यासाठी थोडं सांगतो.

पिंजरा जमिनीपासून वर, जाळीच्या तळाचा, पण बसायला एक लाकडी फळी असलेला असावा. नुसत्या जाळीवर बसून पायांना जखमा होतात. मुंगूस, साप, मांजर आणि गल्लीतली कुत्री या चौघांचा विचार करून दार बसवा. उन्हाळ्यात पाण्याची बाटली बर्फ करून, फडक्यात गुंडाळून आत ठेवली की ससे तिला टेकून पडतात. पंखा खोलीत फिरू द्या, थेट अंगावर नको.

खाण्यात मुख्य म्हणजे वाळलेलं गवत. ससा अंग चाटताना लोकर गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. गवताच्या तंतूंनी आतडं चालतं राहिलं तरच ती लोकर पुढे सरकते. गवत कमी आणि धान्य जास्त झालं की पोटात गोळा धरतो. ससा बारा तास काही खाईना किंवा लेंड्या बंद झाल्या तर उद्यावर टाकू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. लसूणघास आणि दूर्वा थोड्या प्रमाणात चालतात. भात, चपाती, बिस्किटं नकोत. कोवळी ज्वारी तर अजिबात नको, तिच्यात विष तयार होतं, हे म्हशी राखणाऱ्यांना सांगायला नको. पहाटे ससा आपलीच मऊ लेंडी खातो, त्याला मारू नका. तो त्याच्या पचनाचाच भाग आहे. घरातलं माणसांचं औषध सशाला परस्पर देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी साधी गोळीही त्याच्या आतड्याला घातक ठरते.

लोकर कातरीनं किंवा यंत्रानं काढतो, उपटून नाही. चीनमधल्या शेतांवर जिवंत सशांची लोकर उपटतानाचं चित्रण २०१३ मध्ये बाहेर आलं आणि जगातल्या अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणंच थांबवलं. म्हणून कोणी विचारलं, की आम्ही खोलीत नेऊन कातरणी दाखवतो.

आणि रानातला ससा धरून पाळू नका. खानापूरच्या जंगलात, उसाच्या फडात दिसतो तो वेगळा प्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

लोकरी वडी

ससे आम्ही ठेवले ते या वडीसाठी. साबणाची वडी लोकरीत गुंडाळून, गरम पाण्यात भिजवून हाताने चोळत राहिलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून वडीभोवती घट्ट थर बसतो. साबण आणि घासणी एकातच मिळते. गरम पाण्यात टाकलेला लोकरीचा स्वेटर आटतो तेही याच कारणाने. अंगोरा फार बारीक आणि गुळगुळीत, एकटा नीट अडकत नाही. म्हणून आम्ही त्यात धनगरांकडून घेतलेली दख्खनी मेंढीची जावळाची (कोकराची पहिली मऊ) लोकर जास्त घालतो. घोंगडीला वापरतात त्या काळ्या राठ लोकरीनं पाठ घासायला मजा येते, पण चेहऱ्याला ती नको वाटते. जावळात थोडा अंगोरा मिसळला की दोन्ही साधतं.

ही वडी पूर्ण सुकलेल्या साबणाचीच करावी लागते. कॉस्टिक शिल्लक असलेला कच्चा साबण लोकर अक्षरशः विरघळवतो. घरी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वडी वापरून झाली की पिळू नका, नुसती दाबून पाणी काढा आणि वाऱ्याला टांगा. साबण झिजेल तशी लोकर आत आटत जाते. शेवटी रिकामी पिशवी उरते. तिला कापून त्यात साबणाचे उरलेले तुकडे भरता येतात. वापरात नसेल तेव्हा कोरडी करून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवा, नाहीतर कसर लागते. लोकर किंवा सशाच्या केसांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी साधी वडीच घ्यावी, तिची किंमतही निम्मी आहे.

वडीला तडा गेला, वास खवट आला किंवा अंगाला खाज सुटली तर उरलेली वडी वेष्टनासकट परत आणा. वेष्टनावर साबण ओतल्याची तारीख असते, त्यावरून कोणता घाणा (एका वेळी ओतलेला साबण) ते कळतं. बदलून देऊ, आणि त्या घाण्यातल्या बाकीच्या वड्याही फळीवरून काढून ठेवू. वर्ग दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. नाव आधी नोंदवा, चष्मा आणि मोजे आम्ही देतो, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे तुम्ही घालून या.