युबिक्विटिनेशन आणि पी५३

पेशीला एखादं प्रथिन नकोसं झालं की त्याला युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन चिकटवतात, एकाला एक जोडून साखळी होते, मग प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र ती साखळी बघून त्या प्रथिनाचा भुगा करतं (युबिक्विटिन मात्र सुटून परत कामाला लागतं). हे चिकटवणं म्हणजे युबिक्विटिनेशन. दरवेळी नाशासाठीच असतं असं नाही, पण इथे तेवढंच बघू. काम ई१, ई२, ई३ अशा एन्झाइम्सच्या हातून होतं, खरी मेख ई३ मध्ये, कोणाला धरायचं ते तीच ठरवते, माणसात ६०० च्या वर आहेत. या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा कॅन्सरशी संबंध कळायला पी५३ हे प्रथिन बघा. १९७९ मध्ये सापडलं, नाव ५३ किलोडाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वजनावरून, खरं वजन ४४ च्या आतबाहेर निघालं पण नाव पडलं ते पडलं. डीएनए तुटला की हे पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती जमत नसेल तर पेशीलाच मरायला लावतं. पण निरोगी पेशीत शोधाल तर जेमतेम सापडेल, कारण ते सारखं बनतं आणि एमडीएम२ नावाची ई३ त्याला लगेच युबिक्विटिन लावून मोडीत काढते. उधळपट्टी वाटते ना? पण डीएनए तुटल्यावर नवीन बनवत बसायला वेळ कुठे, एटीएम हे एन्झाइम पी५३ ला फॉस्फेट लावतं, एमडीएम२ ची पकड ढिली पडते आणि पी५३ भराभर साचतं. त्यातून एमडीएम२ चं जीन चालू करतं तेही पी५३ च, म्हणजे स्वतःचा लगाम स्वतःच बनवतं! १९९५ मध्ये उंदरांतून एमडीएम२ काढलं तर पिल्लं गर्भातच मेली, सोबत पी५३ पण काढलं तर जगली.

साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जीनच बिघडलेलं असतं. काही सार्कोमांत (हाडं, स्नायू, चरबी अशा ऊतींचे कॅन्सर) जीन धड असतं पण एमडीएम२ च्या ढीगभर प्रती झालेल्या असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही या विषाणूचं ई६ प्रथिन आपल्याच पेशीतली ई६एपी ही ई३ धरून पी५३ वर सोडतं, त्यामुळे याच कॅन्सरमधून आलेल्या, प्रयोगशाळेतल्या प्रसिद्ध हेला पेशींत जीन शाबूत आणि प्रथिन जवळपास गायब.

औषधांत बोर्टेझोमिब २००३ पासून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, ते थेट प्रोटिअसोमच अडवतं. एमडीएम२ अडवणारी औषधंही माणसांवर तपासली गेलीत, पण निरोगी पेशींतही पी५३ मोकाट सुटतं आणि पेशंटच्या प्लेटलेट्स पडतात.