रेंज फुल, तरी नेट स्लो का?

वायफाय रडायला लागलं की पहिला उपाय ठरलेला असतो: १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करायचा. रेंजच्या दांड्या फुल, प्लॅन मोठा, आणि व्हिडिओ तरी गोल गोल फिरतोच. दांड्या फक्त राउटरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. बोलायला नंबर कधी लागतो, ते नाही.

एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका ठरावीक लहरपट्ट्यावर, एका वेळी एकानंच बोलायचं, हा वायफायचा मूळ नियम. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेतं. हवा शांत झाली की साध्या डेटासाठी, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, ४३ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) थांबतं. मग ० ते १५ मधला एखादा आकडा धरून ९-९ मायक्रोसेकंदांचे तितके टप्पे मोजतं. तोवर कुणी मध्ये बोललं नाही, तर पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सोडतं. ते मिळाल्याची पोच आली नाही की टक्कर झाली असं समजायचं आणि १५ ची मर्यादा ३१, ६३ अशी वाढवत न्यायची, थेट १०२३ पर्यंत. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल, तर तोही याच रांगेत.

आता हिशेब पाहा. १५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. राउटरजवळचा लॅपटॉप ६०० एमबीपीएसनं (सेकंदाला ६० कोटी बिट) ते २० मायक्रोसेकंदांत घेतो. दोन भिंतींपलीकडचा फोन ६ एमबीपीएसवर घसरला असेल, तर त्याच पॅकेटला २००० मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढा वेळ लॅपटॉप गप्प. नवी उपकरणं एका फेरीत अनेक पॅकेटं बांधून पाठवतात, पण रडका फोन सगळ्या घराचा वेळ खातो हे बदलत नाही. म्हणून राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर, घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरानं आहेत, सिग्नल मात्र २० मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे १, ६ आणि ११ एवढेच एकमेकांना धक्का लावत नाहीत. वायफाय तपासायच्या ॲपमध्ये चॅनेल ३ रिकामा दिसला म्हणून तो घेऊ नका. १ आणि ६ वरच्या शेजाऱ्यांची पॅकेटं तिथे उलगडत नाहीत, नुसता गोंगाट ऐकू येतो. त्यापेक्षा शेजाऱ्याच्याच चॅनेलवर रांगेत उभं राहिलेलं बरं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, ४० नको.

‘बूस्टर’ म्हणून विकला जाणारा साधा रिपीटर तेच पॅकेट त्याच चॅनेलवर दुसऱ्यांदा बोलतो, म्हणजे वेग साधारण निम्मा. आणि फोनला चिकटवायची ‘रेडिएशन शोषणारी’ स्टिकरं? ती खरंच काम करत असती, तर फोनला रेंजच आली नसती.

जागचं हलत नाही ते वायरवर टाका: टीव्ही, डेस्कटॉप. कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस (१००० एमबीपीएस) नेते. केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको. ती वाकवताना तुटते.

वायरवरही स्पीड टेस्ट ९४-९५ एमबीपीएसवर अडकत असेल, तर कनेक्टर तपासा. १०० एमबीपीएसला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला, म्हणजे १ जीबीपीएसला, चारही जोड्या लागतात. ४, ५, ७ किंवा ८ ची तार सुटली, तर बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. दोन्ही टोकांना कनेक्टर नव्यानं क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा. पिन १ पासून तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तरीही आकडा हलला नाही, तर राउटरचे पोर्ट पाहा. स्वस्त राउटरमध्ये ते १०० चेच असतात.